सामाजिक संस्थांसाठी कॉलेजचा हॅकेथॉन: सहा आठवडे आधीपासून तीन महिने नंतरपर्यंत काय करायचं

सेमिस्टर सुरू होऊन महिना झाला की कुठल्यातरी कॉलेजच्या टेक क्लबचा मेसेज येतोच. "ताई, एनजीओसाठी हॅकेथॉन घेतोय, पुढच्या शनिवारी. दोन-चार प्रॉब्लेम स्टेटमेंट सुचवा ना." (हॅकेथॉन म्हणजे एक-दोन दिवसांत टीमने ॲप किंवा टूल बनवून दाखवायची स्पर्धा, आणि प्रॉब्लेम स्टेटमेंट म्हणजे त्यात कोणता प्रश्न सोडवायचा त्याचा कागद.) घोळ इथेच झालेला असतो. प्रॉब्लेम मी सुचवायचा नाहीये, तुम्हीही नाही. तो संस्थेच्या ऑफिसात एखाद्या रजिस्टरमध्ये पडलेला असतो आणि तो तिथून आणायला पुढचा शनिवार पुरत नाही. मी आधी स्पर्धक, मग आयोजक आणि आता मेंटर म्हणून हे प्रकार बघतेय, आणि खरं सांगते, मी पाहिलेल्यातली बहुतेक ॲप्स बक्षीस समारंभानंतर कोणी उघडलीसुद्धा नाहीत. त्यात आमचंही एक आहे, ते खाली येईलच.

पुढचं सगळं साधारण ६०-८० मुलं, तीन-चार संस्था आणि एक वीकेंड असं धरून लिहिलंय. क्रम बदलू नका, कारण बहुतेक चुका काम न आल्याने होत नाहीत, उलट्या क्रमाने केल्याने होतात.

## १. तारीख आणि संस्था (सहा आठवडे आधी)

आधी तारीख. मार्च अजिबात नको, मार्चअखेर म्हणजे संस्थेत हिशोब, अनुदानाचे रिपोर्ट आणि ऑडिटची तयारी, तुमचा फोनसुद्धा उचलणार नाहीत. शाळांवर काम करणारी संस्था असेल तर जूनही नको. गणपती आणि दिवाळी तर कोणालाच जमत नाही. मला जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य बरा वाटतो, मुलांच्या परीक्षा लांब असतात आणि संस्थेची पळापळ सुरू झालेली नसते.

संस्था तीन-चारच घ्या. वीस टीमना चार संस्था म्हणजे एका प्रश्नावर पाच टीम, आणि ते चांगलंच आहे, तुलना करता येते. वीस टीमना वीस विषय दिले की एकाही विषयाची तयारी नीट होत नाही. निवडताना संस्था किती नावाजलेली आहे ते बघू नका, तीन गोष्टी बघा: कॉलेजपासून दीड-दोन तासांच्या आत आहे का (कारण दोनदा तरी जावं लागणार), रोजचं काम करणारा माणूस दोन दिवस पूर्ण देऊ शकेल का, आणि हॅकेथॉननंतर बोलायला तोच माणूस राहणार आहे का.

पहिला फोन सचिवांना किंवा संचालकांना जाणार, ते बरोबरच आहे. पण त्याच फोनवर एक प्रश्न विचारा: "रोजची नोंद कोण ठेवतं?" उत्तरात जे नाव येईल ते वहीत लिहून ठेवा. तुमचं खरं काम त्या माणसाशी आहे. यापुढे मी त्यांना ताई म्हणतेय, दादा असले तरी तेच.

थांबा: ताई दोन दिवस येणार नसतील, फक्त विश्वस्त उद्घाटनाला येणार असतील, तर ती संस्था या वर्षी सोडा. नम्रपणे सांगा, पुढच्या वर्षी बोलावा.

## २. संस्थेत जाऊन अर्धा दिवस बसणं (पाच आठवडे आधी)

ही पायरी सगळे गाळतात. आम्हीही गाळली होती.

आमच्या वेळी एक संस्था होती, जिल्हा परिषदेच्या शाळांना पुस्तकपेट्या द्यायची. पत्र्याची पेटी, आत पन्नास-साठ गोष्टीची पुस्तकं, तीन महिने एका शाळेत, मग दुसऱ्या. फोनवर तिथले सर म्हणाले, "मुलांना वाचनाची गोडी लागेल असं काहीतरी ॲप करा." आम्ही खूश. मुलाचं वय आणि आवड टाकली की पुस्तक सुचवणारं ॲप केलं, रंगीत, मस्कॉट वगैरे सकट, दुसरं बक्षीसही मिळालं. दोन महिन्यांनी त्यांच्या ऑफिसात गेलो तेव्हा तिथल्या ताईंनी रजिस्टर पुढ्यात ठेवलं. रकाने असे: पेटी क्रमांक, शाळा, दिल्याची तारीख, परत आल्याची तारीख, शेरा. पहिले चार रकाने अर्धे रिकामे. आणि शेऱ्यात: "पेटी ७ केंद्रशाळेत आहे, सर बदलून गेले." "कडी तुटली, दोरीने बांधून दिली." "१२ नंबर वरच्या वाडीला परस्पर दिली, फोन करणे." म्हणजे कुठली पेटी आत्ता कुठे आहे हेच त्यांना माहीत नव्हतं, रोजचा एक तास फोनवर पेट्या शोधण्यात जायचा. वाचनाच्या गोडीचा प्रश्न तिथे नव्हताच, मुलं पेटी आली की तुटून पडायची. आणि ज्या मुलांसाठी आम्ही ॲप केलं त्यांच्याकडे फोन नव्हते, हे आमच्या पाच जणांपैकी एकालाही सुचलं नव्हतं.

शेवटी त्यांचं काम एका गूगल फॉर्मने भागलं. प्रत्येक पेटीच्या झाकणाच्या आत एक क्यूआर कोड चिकटवला, गुरुजींनी स्कॅन करायचं, शाळा निवडायची, झालं. (साधा कागद पावसाळ्यात ओला होऊन निघून आला, मग वरून रुंद चिकटपट्टी मारली. पेटीवर रंगाने मोठा नंबरही घालावा लागला, कारण अंधाऱ्या खोलीत कोड स्कॅनच होत नाही.)

तर जायचं कसं:

दोघांनीच जा, सहा जणांची फौज नको. लॅपटॉप बॅगेतच राहू द्या. "तुमचा प्रॉब्लेम काय आहे?" असं विचारू नका, त्यावर सगळे भाषण करतात. त्याऐवजी "काल सकाळपासून काय काय केलंत ते दाखवा ना" असं म्हणा आणि गप्प बसा. ताई लिहितायत, मध्येच फोन घेतायत, व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेला फोटो मोठा करून त्यातलं नाव रजिस्टरमध्ये उतरवतायत, हे सगळं बघायचं. रजिस्टरमधला शेरा हा रकाना आधी वाचा. फॉर्ममध्ये जे बसत नाही ते सगळं तिथे कोंबलेलं असतं.

वहीत काय लिहायचं: दिवसाला किती नोंदी, एका नोंदीला किती मिनिटं, तीच माहिती किती ठिकाणी पुन्हा लिहावी लागते, रिपोर्ट कोण मागतं आणि कधी. ताईंच्या फोनचं मॉडेल आणि त्यात मोकळी जागा किती, हेही. दोन-तीन जीबी रॅमचा जुना अँड्रॉइड, गुड मॉर्निंगच्या फोटोंनी भरलेला, हे चित्र तुम्हाला सारखं दिसेल आणि त्यात तुमचं १५० एमबीचं ॲप इन्स्टॉलच होणार नाही. मराठी कशी टाइप करतात तेही बघा: कीबोर्डवर, बोलून, की इंग्रजी अक्षरांत.

फोटो काढायचा तर रजिस्टरच्या कोऱ्या पानाचा. भरलेल्या पानावर लोकांची नावं आणि नंबर असतात, ते तुमच्या गॅलरीत यायचं काही कारण नाही.

तपासा: परत येताना बसमध्ये एकमेकांना हे तीन प्रश्न विचारा. ही नोंद कोण करतं? दिवसातून कितीदा? चुकली तर काय बिघडतं? एकाचंही उत्तर "बहुतेक" ने सुरू होत असेल तर पुन्हा फोन करा.

## ३. प्रश्न गाळणं (चार आठवडे आधी)

आता तुमच्याकडे एका संस्थेचे पाच-सहा प्रश्न असतील. त्यातले बहुतेक हॅकेथॉनला चालणारे नसतात, ते चाळून बाजूला काढायचे.

पहिली चाळणी: हे आधीच फुकट मिळतंय का? गावोगाव सर्व्हे करायचाय, नेटवर्क नाही, नंतर सिंक व्हायला हवं, हे सगळं कोबो टूलबॉक्स आणि ओडीके ही फॉर्मची टूल्स बरीच वर्षं करतायत. संस्थेचा जमाखर्च आणि स्टॉक असेल तर आपल्या मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे. व्हॉट्सॲपवरून लोकांशी संवाद ठेवायचा असेल तर ग्लिफिक हे ओपन सोर्स टूल संस्थांसाठीच बनलंय. मग नव्याने लिहायचं कशाला? मुलांना वाटतं, तयार टूल नीट बसवून देणं म्हणजे हलकं काम. अजिबात नाही. ताईंच्या भाषेत, त्यांच्या रकान्यांसकट फॉर्म बसवून त्यांना शिकवणं याला मी पूर्ण मार्क देते.

दुसरी चाळणी: हे एका वीकेंडच्या हातात आहे का, की कुठल्या परवानगीवर अडतं? इथे फार जण आपटतात.

एसएमएस घ्या. "पालकांना ऑटोमॅटिक एसएमएस जाईल" असं स्लाइडवर लिहायला सोपं आहे, पण भारतात असे घाऊक एसएमएस पाठवायचे तर दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमांनुसार संस्थेची, हेडरची (पाठवणाऱ्याचं नाव) आणि प्रत्येक मेसेजच्या साच्याची डीएलटीवर (टेलिकॉम कंपन्यांची नोंदणी यंत्रणा) नोंदणी लागते. ती शनिवार-रविवारी होत नाही. मग टीम स्वतःच्या टेस्ट नंबरवर एक मेसेज पाठवून डेमो मारते आणि संस्थेला वाटतं झालं काम.

व्हॉट्सॲपचंही तसंच. अधिकृत एपीआयवर (आपल्या प्रोग्रॅममधून मेसेज पाठवायची व्हॉट्सॲपची सोय) समोरच्याच्या शेवटच्या मेसेजपासून २४ तासच मोकळं उत्तर देता येतं, त्यानंतर आपणहून मेसेज पाठवायचा तर आधी मंजूर झालेला टेम्प्लेट लागतो. यातून पळवाट म्हणून मुलं व्हॉट्सॲप वेब चालवणाऱ्या अनधिकृत लायब्ररी (तयार कोड) वापरतात. त्याने नंबर ब्लॉक होऊ शकतो, आणि तो नंबर संस्थेचा दहा वर्षं सगळ्या गावांना पाठ असलेला नंबर असतो.

देणगी पावत्यांचा प्रश्न सगळ्या संस्था देतात आणि तो चांगला आहे, पण नियम माहीत असलेला माणूस जवळ हवा. उदाहरणार्थ रोखीने २००० रुपयांच्या वर दिलेल्या देणगीला करसवलत मिळत नाही. तुमचं ॲप अशा पावतीवरही बिनधास्त करसवलतीचा उल्लेख छापत असेल तर ऑडिटरचा फोन तुम्हाला नाही, ताईंना येणार.

तिसरी चाळणी: चुकलं तर माणसाला इजा होईल का? औषधाचा डोस सुचवणं, अडचणीतल्या बाईचं लोकेशन पाठवणं, मुलांच्या अत्याचाराच्या तक्रारी, असले विषय वीकेंडच्या कोडवर सोडायचे नाहीत. मोह होतो, कारण परीक्षकांपुढे हेच उठून दिसतं.

थांबा: चाळून झाल्यावर एका संस्थेचा एकच प्रश्न उरला तरी चालेल. एकही उरला नाही तर तेही संस्थेला सांगा, आणि तयार टूल कुठलं वापरता येईल ते सांगून मोकळे व्हा.

## ४. एका पानाचा कागद (तीन आठवडे आधी)

प्रॉब्लेम स्टेटमेंट एका पानाचं, मराठीत, आणि ताईंनी वाचून "हो, असंच आहे" म्हटलेलं हवं. त्यात "सक्षमीकरण", "इकोसिस्टीम", "एआय-आधारित" हे शब्द आले की समजा कागद ऑफिसात न जाता लिहिलाय. पेट्यांचा कागद आज मी असा लिहीन:

*कोण वापरणार:* ऑफिसमधल्या एक ताई (कॉम्प्युटर) आणि ४० शाळांचे गुरुजी (स्वतःचा फोन, वर्षातून चार-पाच वेळाच).
*आज काय होतं:* पेटी हलली की गुरुजी फोन करतात, बऱ्याचदा करत नाहीत. ताई रजिस्टरमध्ये लिहितात.
*कुठे अडतं:* पेटी परस्पर दुसऱ्या शाळेत जाते आणि नोंद करायची राहून जाते.
*काय हवं:* कुठली पेटी आज कुठे आहे हे ताईंना एका मिनिटात दिसावं.
*काय नको:* गुरुजींना लॉगिन-पासवर्ड नको. मुलांची नावं नकोत. नवीन ॲप इन्स्टॉल करायला लावू नका.
*झालं असं कधी म्हणायचं:* ताईंनी कोणतेही पाच नंबर सांगितले तर पाचही पेट्यांची जागा फोन न करता सांगता यावी.

"काय नको" हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. तो नसला की रविवारी दुपारपर्यंत लीडरबोर्ड, चॅटबॉट आणि डार्क मोड सगळं येतं.

## ५. खोटा डेटा, पण खराखुरा मळलेला (दोन आठवडे आधी)

लाभार्थ्यांची खरी यादी मुलांना द्यायची नाही. संस्था स्वतःहून पेनड्राइव्ह पुढे करतील, "घ्या, आपलीच मुलं आहेत", तरी घ्यायची नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलाचा डेटा वापरायला पालकांची पडताळता येणारी संमती लागते, पण कायदा बाजूला ठेवला तरी साधी गोष्ट आहे, ८० लॅपटॉपवर गेलेली फाइल परत घेता येत नाही. आणि हल्ली ती फाइल तशीच्या तशी एखाद्या एआय चॅटमध्ये पेस्ट होते, "हे क्लीन करून दे" म्हणून.

म्हणून २०० ओळींचा खोटा डेटा तुम्ही बनवा. मात्र चकचकीत नको. खऱ्या रजिस्टरमध्ये जसा मळ असतो तसा घाला:

एकाच गावाची दोन-तीन स्पेलिंगं. आडनाव कधी आधी, कधी शेवटी, कधी नाहीच. "सौ." नावाच्याच रकान्यात. तारखा काही ठिकाणी १५/८/२३, काही ठिकाणी "पंधरा ऑगस्ट", काही ठिकाणी नुसतं "पावसाळा". निम्मे आकडे देवनागरीत, निम्मे इंग्रजीत, कारण कीबोर्ड बदलला की असंच होतं आणि तुमचा कोड बऱ्याचदा "४५" ला संख्या मानत नाही. नऊ आकडी मोबाइल नंबर. एका फोन नंबरवर चार माणसं, आणि ती चूक नसते, घरात फोनच एक असतो.

संस्थेच्या जुन्या फाइली बघितल्या असतील तर फॉन्टचा घोळ माहीत असेलच. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेलं एक्सेल दुसऱ्या मशीनवर उघडलं की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. ते आधी युनिकोडमध्ये (सगळ्या मशीनवर वाचता येणारी मराठी) बदलावं लागतं, आणि बदलल्यावर जोडाक्षरं डोळ्यांनी तपासावी लागतात. हे काम आयोजकांनी आधी करून ठेवा, मुलांचे हॅकेथॉनचे सहा तास यात घालवू नका. सीएसव्ही (साध्या मजकुरातला तक्ता) देताना यूटीएफ-८ बीओएमसकट (एक्सेलला मराठी ओळखता यावी म्हणून फाइलच्या सुरुवातीची खूण) द्या, नाहीतर एक्सेलवर डबल क्लिक केलं की मराठी गायब.

तपासा: खोट्या यादीतलं एखादं नाव आणि नंबर चुकून खऱ्या माणसाचं नाही ना, ताईंना एकदा नजर टाकायला सांगा.

## ६. टीम, जागा, जेवण

हे सगळ्यांना जमतं, म्हणून थोडक्यात. टीम चार-पाच जणांची, त्यात एक तरी कोड न लिहिणारा: समाजकार्य, कॉमर्स, कुठलाही, पण ताईंशी नीट बोलू शकणारा. नुसती शेवटच्या वर्षाची टीम घेऊ नका, ती जूनमध्ये निघून जाते, किमान दोघं दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षाचे हवेत.

रात्रभर जागायची हौस सोडा. मुलींच्या हॉस्टेलची वेळ, घरून परवानगीचं पत्र, या भानगडीत निम्म्या मुली नावच देत नाहीत, आणि रात्री तीन वाजता लिहिलेला कोड सकाळी कोणालाच कळत नाही. दोन दिवस, सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेसात, पुष्कळ झालं. ताई येणार असतील तर त्यांचा जाण्यायेण्याचा खर्च आधी हातात द्या, "बिल पाठवा" म्हणू नका. त्या दिवसाचा त्यांचा पगार कापला जाणार नाही ना, हेही संस्थेला विचारून घ्या.

## ७. ते दोन दिवस

शनिवार सकाळ. दीपप्रज्वलन दहा मिनिटांत आटपा. ताईंना रजिस्टर घेऊन पंधरा मिनिटं बोलू द्या, त्यांना स्लाइड करायला लावू नका. मग बारापर्यंत लॅपटॉप बंद. कागदावर स्क्रीन काढायचे, बटणं काढायची. मुलं कुरकुरतात, पहिल्या वर्षी तर एका टीमने बाथरूममध्ये जाऊन लॅपटॉप उघडला होता. तरी ठाम राहा.

बारा वाजता कागदी चाचणी. ताईंपुढे कागद ठेवायचा आणि म्हणायचं, "पेटी ७ आज परत आली, नोंद करा." बोट कुठे जातं ते बघायचं. समजावून सांगायचं नाही. "इथे क्लिक करा" असं तोंडातून निघालं तर तो स्क्रीन चुकला. इथे अर्ध्या टीम आपला आराखडा बदलतात, आणि हीच वेळ बदलायची आहे, रविवार नाही.

चार वाजेपर्यंत एक नोंद आत जाऊन, सेव्ह होऊन, परत दिसली पाहिजे. घाणेरडी दिसली तरी चालेल. संध्याकाळी सात ला ती ताईंच्या फोनवर उघडली पाहिजे, तुमच्या लॅपटॉपवर नाही.

थांबा: "माझ्या मशीनवर चालतंय" हे वाक्य शनिवारी सातनंतर ऐकून घ्यायचं नाही.

रविवार सकाळी दोन चाचण्या. एक, फोन एअरप्लेन मोडवर टाकून नोंद करा, मग नेट चालू करा, नोंद राहिली का? दोन, मळलेला डेटा पूर्ण भरून "शोधा" चालतंय का बघा, कारण ताई गावाचं नाव एक प्रकारे टाकणार आणि नोंद दुसऱ्या प्रकारे असणार. अकरानंतर नवीन फीचर बंद, एकनंतर कोड बंद. एक ते तीन फक्त हस्तांतराची कागदपत्रं.

मेंटरने याच वेळात फिरून चार गोष्टी बघायच्या. पीडीएफमधली मराठी पहिली, कारण बऱ्याच पीडीएफ लायब्ररींना देवनागरी जुळवता येत नाही, पहिली वेलांटी पुढच्या अक्षरावर जाते आणि जोडाक्षरं फुटतात, पावतीवर देणगीदाराचंच नाव वाचता येत नाही. सोपा उपाय: पावती वेबपेज म्हणून बनवा आणि ब्राउझरमधूनच प्रिंट करून पीडीएफ काढा. दुसरं, पासवर्ड आणि एपीआय की (सेवा वापरायची गुप्त किल्ली) गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, सगळ्यांना दिसतील अशा गेल्यात का. तिसरं, फुकटचं होस्टिंग (ॲप नेटवर चालू ठेवायची जागा) किती दिवस फुकट आहे. हेरोकू या होस्टिंग कंपनीने नोव्हेंबर २०२२ मध्ये फुकट प्लॅन बंद केले तेव्हा असे कितीतरी प्रोजेक्ट एका रात्रीत गेले, आणि डेटा ठेवायच्या सुपाबेस सेवेच्या फुकट प्लॅनवर आठवडाभर कोणी फिरकलं नाही तर प्रोजेक्ट थांबवला जातो. दिवाळीची सुट्टी आठवड्याची असते. चौथं, टीममधल्या कोणत्याही एकाला उभं करून विचारा, "ही फाइल काय करते?" एआयने लिहून दिलेला कोड वापरायला हरकत नाही, पण कोणालाच सांगता येत नसेल तर पुढे दुरुस्त कोण करणार.

## ८. मार्क कशाला द्यायचे

मार्कांचा तक्ता शनिवारी सकाळीच भिंतीवर लावा. मुलं तक्त्याप्रमाणेच काम करतात, तुमच्या भाषणाप्रमाणे नाही. मी १०० पैकी असे वाटते: ताईंनी मदत न घेता तीन कामं करून दाखवली, ४०. हस्तांतर पूर्ण, २५. कागदावरचाच प्रश्न सोडवला, २०. मळलेल्या डेटावर चाललं, १०. सादरीकरण, ५. हो, पाचच. कंपनीतून आलेल्या परीक्षकांना हे आवडत नाही, त्यांना पिच ऐकायची सवय असते. त्यांना आधीच सांगून ठेवा, आणि ताईंनाही परीक्षक म्हणून त्यांच्याच शेजारी बसवा, मागच्या रांगेत नाही.

एक चूक मीही केलीय: बक्षिसाची सगळी रक्कम रविवारी दिली. आता निम्मी त्या दिवशी आणि निम्मी तीन महिन्यांच्या शेवटच्या भेटीनंतर देते.

## ९. ताबा देणं (त्याच रविवारी, उद्या नाही)

उद्या म्हटलं की गेलं. सोमवारी प्रॅक्टिकल असतं.

खातं संस्थेच्या ईमेलवर हवं. मुलाच्या स्वतःच्या जीमेलवर गूगल शीट राहिलं आणि तो नोकरीला बंगळूरला गेला, मग कोणी परवानगी बदलायला नाही, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता मी स्वतः शेअरिंग सेटिंग उघडून मालक कोण आहे ते वाचते. संस्थेचा अधिकृत ईमेल नसेल तर तिथेच बसून काढा, आणि रिकव्हरीला ऑफिसचा नंबर द्या, ताईंचा घरचा नको. पासवर्ड कागदावर, पाकिटात, ऑफिसच्या कपाटात. डिजिटल लोक हसतात याला, पण दोन वर्षांनी नव्या ताई आल्या तर त्यांना कपाटच उघडता येतं.

वापरायची पद्धत मराठीत एका पानावर, स्क्रीनच्या चित्रांसकट, छापून. "सगळा डेटा एक्सेलमध्ये काढा" हे बटण पहिल्याच स्क्रीनवर. कोड कोणत्या लायसन्सखाली आहे ते एका ओळीत लिहा, एमआयटी हे खुलं लायसन्स घेतलं तर संस्थेला आणि मुलांना दोघांनाही तो पुढे वापरता येतो. वर्षाला खर्च किती येणार तोही लिहा, शून्य असेल तर शून्य कशामुळे आणि कधीपर्यंत तेही. डोमेनसाठी किंवा होस्टिंगसाठी पैसे लागणार असतील तर विश्वस्तांच्या बैठकीत ठराव होईपर्यंत ते चालू करू नका, नाहीतर पहिलं वर्ष एखादा विद्यार्थी खिशातून भरतो आणि दुसऱ्या वर्षी ते बंद पडतं.

तपासा: टीमचे सगळे लॅपटॉप बंद. ताईंनी ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून किंवा स्वतःच्या फोनवरून लॉगिन करायचं, एक नोंद टाकायची, एक्सेल काढायचं. हे झाल्याशिवाय कोणालाही सर्टिफिकेट द्यायचं नाही.

## १०. पुढचे तीन महिने

रजिस्टर बंद करायला सांगू नका. पहिले तीन महिने दोन्ही चालू राहू द्या, ताईंना दुप्पट काम पडतं हे मान्य, म्हणून नोंदी कमीत कमी ठेवा.

तीन भेटी तारखेसकट आत्ताच ठरवा: आठवड्याने फोन, महिन्याने प्रत्यक्ष, तीन महिन्यांनी प्रत्यक्ष. फोनवर "कसं चाललंय?" विचारलं तर "छान" हेच उत्तर येतं, आपल्याकडे पाहुण्याला वाईट सांगत नाहीत. त्याऐवजी शेवटच्या नोंदीची तारीख विचारा, किंवा स्वतःच बघा. महिन्याच्या भेटीत रजिस्टर आणि स्क्रीन शेजारी ठेवून शेवटच्या वीस नोंदी जुळवा. रजिस्टरमध्ये आहेत आणि स्क्रीनवर नाहीत अशा नोंदींत तुमच्या पुढच्या दुरुस्त्या सापडतील. शेऱ्याचा रकाना इथेही बघा. आमच्या पेट्यांच्या बाबतीत तो पुन्हा भरायला लागला होता: "कोड स्कॅन होत नाही, सरांनी फोन केला", तेव्हाच तो रंगाचा नंबर घालायची कल्पना आली.

आणि तीन महिन्यांनी वापर होत नसेल तर बंद करा. यात कोणाची बेअब्रू नाही. बंद करताना सगळ्या नोंदी एक्सेलमध्ये काढून ताईंच्या कॉम्प्युटरवर ठेवा, त्यांच्यासमोर फाइल उघडून मराठी नीट दिसतेय ना ते बघा, शेवटच्या ओळीचा नंबर रजिस्टरशी जुळवा, आणि मग सर्व्हरवरचा डेटा पुसा.